शिफारसमंत्री

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच-ब्रेकच्या दोन जोड्या असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शिकवणाऱ्याच्या. मास्तरांनी आयुष्याची सव्वीस वर्षं त्या दुसऱ्या जोडीवर पाय ठेवून काढली. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव मात्र स्वतःचा, अशी ही नोकरी. तरी मास्तर कधी कुणावर खेकसले नाहीत. शिकणारा गांगरला की ते हळूच ब्रेक दाबायचे, गाडी कडेला घ्यायला लावायचे आणि विचारायचे, "एक गाणं ऐकणार का? छोटंसंच आहे."

ते गाणं लागलं की माणूस पहिल्यांदा चक्रावायचाच. त्यात रुसवेफुगवे नसायचे, विरह नसायचा. त्यात असायचा भाड्याच्या खोलीत राहणारा राक्षस, किंवा मालकिणीशी थापा मारायला शिकलेला यंत्रमानव, नाहीतर सर्दी झाल्यामुळे ज्याच्या नाकातून आग येईनाशी झाली आहे असा ड्रॅगन. चाली मात्र अगदी ओळखीच्या. कुठे अंगाईची चाल, कुठे दोर ओढणाऱ्या माणसांची, कुठे झोपाळ्यावर बसून म्हणायच्या गाण्याची. आजीच्या तोंडी शोभेल अशा चालीवर कुणीतरी मंगळावरच्या गवळ्याची कहाणी सांगतंय, हे पचायला दोन मिनिटं लागायची. तोवर गांगरलेला माणूस गांगरायचं विसरलेला असायचा.

या गाण्यांची गाठ मास्तरांशी पडली ती एका सर्टिफिकेटमुळे. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट फ्रेम करायला म्हणून ते एका फ्रेमवाल्याकडे गेले होते. फ्रेमवाले काच कापता कापता गुणगुणत होते. मास्तरांनी कान दिला तर गाणं एका घड्याळजीचं निघालं. हा घड्याळजी काळ मागे नेणारं यंत्र बनवतो आणि ते फक्त एकाच कामासाठी वापरतो. जेवण झालं की दहा मिनिटं मागे जाऊन पुन्हा जेवायला बसतो. मास्तर हसत हसत स्टुलावर टेकले ते दोन तास उठलेच नाहीत. त्या दिवशी दोन शिकाऊ मंडळी चौकात उभी राहून राहून घरी गेली.

फ्रेमवाल्यांच्या कारखान्यात, म्हणजे दुकानामागच्या खोलीत, दर शनिवारी दुपारी सहा-सात जण जमायचे. कडेने लाकडी पट्ट्यांचे भारे, मधे कापायचं मोठं टेबल, टेबलावर भुसा. तो हाताने बाजूला सारायचा आणि चहाचे पेले ठेवायचे. प्रत्येकाने जुन्या चालीवर नवं गाणं बांधून आणायचं. विषय एकच, जे घडलेलं नाही ते. त्यात एक नर्स होती. ती ड्यूटीवरून थेट यायची आणि सगळ्यांची गाणी आपल्या फोनवर टिपून ठेवायची.

मास्तरांना गाणं बांधता यायचं नाही आणि गाता तर त्याहून यायचं नाही. त्यांचा आवाज म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चढ चढू पाहणारी गाडी. घरघर भरपूर, पुढे सरकणं नाही. पहिल्याच महिन्यात एकदा त्यांनी ध्रुवपदात सूर मिसळला, तेव्हा नर्सने फोन बंद केला आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही टाळ्या द्या. टाळ्या छान देता तुम्ही." त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणजे असं ते सांगायचे.

पण त्यांना एक गोष्ट यायची जी त्या खोलीत कुणालाच येत नव्हती. कोणतं गाणं कुणाला द्यायचं, हे त्यांना नेमकं कळायचं. चौकातल्या वर्तुळाला घाबरणाऱ्या एका मुलीला त्यांनी सत्तर वर्षांनी एकदाच फेरी मारणाऱ्या धूमकेतूचं आणि त्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं ऐकवलं. तिसऱ्या दिवशी ती मान हलवत, ठेका धरत वर्तुळातून बाहेर पडली. सतत हॉर्न वाजवणाऱ्या एका बँकेतल्या साहेबांना सर्दीवाला ड्रॅगन दिला. साहेब आठवडाभर गप्प होते आणि मग हॉर्नही गप्प झाला. हळूहळू शिकून गेलेली माणसंसुद्धा फोन करू लागली. "मास्तर, सासरे आलेत महिनाभर राहायला. त्यांना काय ऐकवू?" फ्रेमवाल्यांनी त्यांना पदवी देऊन टाकली, शिफारसमंत्री. खातं बिनखर्चाचं, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

मास्तरांची बायको पडदे शिवायची. तिला या मंडळाचं विशेष कौतुक नव्हतं. तिला आवडायचं ते एकच गाणं, राक्षसाच्या खोलीचं.

"खोली भाड्याची छोटी, पाय खिडकीच्या बाहेर,
चिमण्या म्हणती राक्षसा, हेच आमचं माहेर."

हे गाणं पहिल्यांदा ऐकल्यावर ती मशीन थांबवून म्हणाली होती, "एवढे पाय बाहेर म्हणजे खिडकी उघडीच राहणार. पडदा दोन्ही बाजूंनी मधे जमणारा हवा, वरून खाली येणारा चालणार नाही." मास्तरांना वाटलं, गाण्याची इतकी चांगली दाद आजवर कुणी दिली नसेल.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाई शिकायला आल्या.

बाई म्हणजे शाळेत छत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. वय चौसष्ट, चष्मा जाड, चप्पल पट्ट्यांची, पाठ फूटपट्टीसारखी. पहिल्या दिवशी गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला तीन महिन्यांत गाडी चालवता यायला हवं. माझी थोरली बहीण दोन तासांच्या अंतरावर राहते. तिला आता दिसत नाही. आधी बस चार होत्या, आता एक आहे, तीही लहर लागली तर येते."

"येईल की, बाई," मास्तर म्हणाले.

"येईल म्हणू नका. कसं येईल ते सांगा."

बाईंना थिअरी एका दिवसात आली. क्लच म्हणजे काय, गिअर का बदलायचा, हे त्यांनी मास्तरांनाच समजावून सांगितलं आणि मास्तरांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते नीट कळलं. पण गाडी काही थिअरीवर चालायला तयार होईना. ती गचके खायची, बंद पडायची, आणि बाईंचा चेहरा वर्गात फळा न पुसलेला सापडल्यासारखा व्हायचा. चौथ्या दिवशी मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि आपल्याकडचं हुकमी गाणं लावलं. फ्रेमवाल्यांनी स्वतः बांधलेलं, चंद्रावरच्या दीपगृहात एकटा राहणाऱ्या माणसाचं.

"चंद्रावरती दिवा लावला, सोसाट्याचा सुटला वारा,
तरी विझेना, तरी हलेना, असा माझा दिवा न्यारा."

बाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "चंद्रावर वारा?"

"गाणं आहे हो, बाई."

"गाणं आहे म्हणून हवा कुठून येणार? हवाच नाही तर वारा नाही. आणि हवा नाही म्हणजे ज्योतही जळणार नाही. दहापैकी चार."

मास्तर चाट पडले. आजवर कुणी रडलं होतं, कुणी हसलं होतं, एकजण झोपी गेला होता, पण मार्क कुणी दिले नव्हते. पुढच्या दिवशी त्यांनी मंगळावरचा गवळी काढला. बाईंनी विचारलं, गाय श्वास कशाने घेते? तीन मार्क. धूमकेतूला सहा मिळाले, कारण त्याची शेपूट सूर्याच्या उलट्या दिशेला होती आणि तेवढं बरोबर होतं. यंत्रमानवाला पाच. मग अगदी हात टेकून मास्तरांनी सर्दीवाला ड्रॅगन लावला, तर बाई खुदकन हसल्या.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"ड्रॅगन चालतो तुम्हाला? त्याचा कुठला नियम बरोबर आहे?"

"ड्रॅगन मुळातच खोटा आहे. त्याला कसले नियम लावायचे? चंद्र खरा आहे, मास्तर. खऱ्या गोष्टीबद्दल थापा मारायच्या नाहीत."

मास्तरांनी हे शनिवारी मंडळात सांगितलं. फ्रेमवाल्यांनी पट्टी खाली ठेवली. "चार? माझ्या दीपगृहाला चार? एकोणीस वर्षं गातोय मी ते गाणं." त्या दिवशी ते काहीच गायले नाहीत. नुसते खिळे मोजत बसले.

तीन महिन्यांनी बाईंची लायसन्सची परीक्षा झाली. आठचा आकडा त्यांनी रेखून काढल्यासारखा काढला. रिव्हर्स बरोबर, इंडिकेटर वेळेवर. शेवटी चढ होता. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न येऊ देता पुन्हा उचलायची. बाईंनी गाडी थांबवली. उचलायला गेल्या आणि गाडी मागे आली. आली ती येतच राहिली. मागचे दोन रबरी खांब आडवे झाले, तिसऱ्याला टेकून ती थांबली. इन्स्पेक्टर सभ्य होता. "पुढच्या महिन्यात या, मॅडम," एवढंच म्हणाला.

बाई उतरल्या, मास्तरांकडे न बघता रिक्षात बसल्या आणि गेल्या. पुढचे दोन आठवडे क्लासला आल्या नाहीत. फोन उचलला नाही.

मास्तरांना अन्न गोड लागेना. परीक्षेच्या गाडीत त्यांच्या पायाखाली ब्रेक होता, पण परीक्षेत तो दाबायचा नसतो. तो न दाबता नुसतं बसून राहणं त्यांना फार जड गेलं होतं. घरी ते फोन घेऊन बसायचे आणि बाईंना कोणतं गाणं पाठवावं याचा खल करायचे. बायकोने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी पडद्याला रिंगा लावता लावता म्हणाली, "अहो, नापास झालेल्या माणसाला गाणी काय पाठवताय? उठा आणि जाऊन या."

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. पुढच्या खोलीत एक आरामखुर्ची, पुस्तकांची दोन कपाटं, आणि एका भिंतीवर चक्क शाळेतला फळा. शाळेने नवे पांढरे फळे घेतले तेव्हा जुना टाकून देणार होते, तो बाईंनी घरी आणला होता. फळ्यावर एक तिरकी रेघ, रेघेवर एक चौकोन, आणि चौकोनाला चारी बाजूंनी बाण.

"ही आपली गाडी का?" मास्तरांनी विचारलं.

"हो. हे वजन, हे घर्षण, ही इंजिनाची ओढ." बाई खुर्चीत बसल्या. "चढावर गाडी मागे का येते ते मला सगळं माहीत आहे, मास्तर. समीकरणासकट. पायाला माहीत नाही."

"मग सोपं आहे. समीकरण तुमच्याकडे राहू दे, पाय माझ्याकडे द्या. आठ दिवस आपण दुसरं काही करायचंच नाही. पाण्याच्या टाकीजवळचा तो चढ घ्यायचा आणि डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचा. हँडब्रेक लावलेला असेल, घाबरू नका. क्लच सोडताना एका ठिकाणी आवाज जड होतो. बस, तिथे थांबायचं, हाच हाफ क्लच. पाय आपोआप शिकतो."

"छत्तीस वर्षांत कितीतरी मुलांना नापास केलं मी," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला सांगितलं, त्यात काय एवढं, पुन्हा अभ्यास कर. कसलं वाईट वाटतं हो नापास झाल्यावर. एकानेही मला सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?" मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले.

निघताना मास्तरांचं लक्ष फळ्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथे बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, खाडाखोड केलेल्या. बाई घाईघाईने डस्टर शोधू लागल्या, पण मास्तरांनी वाचून टाकलं होतं.

"चंद्रावरती दिवा लावला, वारा नाही, नाद नाही,
माझा श्वास मलाच ऐकू, दुसरी कुठली साद नाही."

"तुमच्या फ्रेमवाल्यांची चाल डोक्यातून जाईना," बाई म्हणाल्या. "आणि चुकीचं गाणं डोक्यात घेऊन मला झोप येत नाही. म्हणून दुरुस्त केलं. तो माणूस शिरस्त्राण घालून बसलेला असणार ना. बाहेरचं त्याला काही ऐकूच यायचं नाही. स्वतःचा श्वास तेवढा."

मास्तरांनी ते कागदावर उतरवून घेतलं आणि शनिवारी बाईंनाच मंडळात घेऊन गेले. फ्रेमवाल्यांनी पाहुण्यांना स्टूल दिलं, चहा दिला, आणि तोंड फिरवून बसले. नर्सने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

"दिवा 'लावला' म्हटलंय," ते म्हणाले. "ज्योत तर जळणार नाही म्हणता."

"विजेचा दिवाही आपण लावतोच की," बाई म्हणाल्या.

फ्रेमवाल्यांनी घसा साफ केला आणि नव्या शब्दांनी गाणं म्हटलं. 'दुसरी कुठली साद नाही'पाशी आले तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला, कुणी न सांगता. मग फ्रेमवाले म्हणाले, "बाई, एकोणीस वर्षं हा माणूस तिथे एकटा आहे असं मी नुसतं सांगत होतो. आज तो खरंच एकटा वाटला." आणि जरा चाचपडत, "आता किती?"

"साडेआठ," बाई म्हणाल्या. "अर्धा मार्क चहाला कापला. पाणचट आहे."

त्याच दिवशी बाईंनी मास्तरांपुढे आपली अडचण मांडली. "माझ्या ताईसाठी एक गाणं सांगा. सोपं नाही हं. ती नवीन काही ऐकत नाही, जुन्याला नावं ठेवते. दिसेनासं झाल्यापासून रेडिओ लावला तर बंद कर म्हणते. मी फोनवर पुस्तक वाचून दाखवते तर मधेच म्हणते, पुढचं कळलं मला."

मास्तरांनी हे काम फार मनावर घेतलं. गाडीत माणूस शेजारी बसलेला असतो, त्याचे हात कसे आहेत, मान कशी आहे, ते दिसतं. न पाहिलेल्या बाईला गाणं कसं द्यायचं? शेवटी त्यांनी ठरवलं, आपण गाडीत जसं बोलतो तसं आधी थोडं बोलून ठेवावं. रविवारी सकाळी खिडक्या लावून ते उभ्या गाडीत बसले आणि फोन टिपायला लावून बोलू लागले. "ताई, नमस्कार. मी तुमच्या बहिणीला गाडी शिकवतो. हे गाणं एका घड्याळजीचं आहे. त्याची चूक एवढीच की त्याला जेवण फार आवडतं. दुसऱ्या कडव्यात त्याच्या बायकोला संशय येतो, कारण भात रोज दोनदा संपतो. तिचा संशय कुठे जातो ते मी सांगत नाही." आणि त्यापाठोपाठ नर्सने टिपलेलं गाणं.

पहिल्या आठवड्यात घड्याळजी गेला, दुसऱ्यात यंत्रमानव, तिसऱ्यात राक्षसाची खोली. ताईंकडून हूं की चूं नाही. मास्तर रोज चढावर बाईंना क्लच सोडायला लावायचे आणि मधेच विचारायचे, "काही म्हणाल्या का?"

"बोलत नाही ती. तुम्ही रस्ता बघा."

चौथ्या आठवड्यात बाई गाडीत बसल्या त्या चावी न लावताच. "काल ताईचा फोन आला. म्हणाली, गाणी ठीक आहेत. एक बाई नाकात गाते, एक पुरुष खोलीत फार लांब उभा आहे."

मास्तरांचा चेहरा पडला.

"पुढे ऐका. म्हणाली, तो आधी बोलतो तो माणूस कोण? त्याला म्हणावं, गाणं नसलं तरी चालेल, तू नुसतं सांग. तो सांगतो तेव्हा मला दिसतं."

रुमाल काढून मास्तरांनी पुढची काच पुसली. ती स्वच्छच होती. इतकी वर्षं ते त्या खोलीत टाळ्या देणारा माणूस म्हणून बसले होते. गाणारे वेगळे, बांधणारे वेगळे, आपण आपले इकडचं तिकडे पोचवणारे. आपल्या बोलण्यालाही कुणी थांबून ऐकतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"चला, बाई," ते म्हणाले. "हाफ क्लच."

दुसऱ्या परीक्षेत बाई पास झाल्या. चढावर गाडी थांबवली, डोळे क्षणभर मिटले, आवाज जड होईपर्यंत थांबल्या, आणि गाडी दोरीने ओढल्यासारखी वर गेली. तोच इन्स्पेक्टर होता. "मॅडम, डोळे मिटून कुणी गाडी चालवतं का?" त्याने विचारलं. "चालवत नव्हते. ऐकत होते," बाई म्हणाल्या. त्याने सही केली.

बाईंनी एक जुनी लहान गाडी घेतली आणि पुढच्या रविवारी ताईंकडे निघाल्या. पहिला लांबचा प्रवास म्हणून मास्तरांना शेजारी बसवलं. या गाडीला मास्तरांच्या पायाशी ना क्लच होता ना ब्रेक. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय पायपुसणं दाबायचा. तासाभराने बाई म्हणाल्या, "मास्तर, खाली भोक पडेल. दोन्ही पाय सीटवर घेऊन बसा बघू." मास्तर निमूट मांडी घालून बसले.

ताई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, केस कापलेले. गाडीचा आवाज ऐकून म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरमध्येच आलीस का फाटकापर्यंत? इंजिन रडतंय." मग हात पुढे करून, "आणि ते सांगणारे कुठे आहेत?"

मास्तरांनी हातात हात दिला. इतक्या वेळा फोनशी मोकळेपणाने बोललेले मास्तर समोरासमोर एकदम लाजले. ताईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"आजवर तुम्ही मला लोकांची गाणी सांगितलीत. बहिणीला काय आवडेल, मला काय आवडेल, असं बघून. तुम्हाला स्वतःला कोणतं आवडतं?"

हा प्रश्न मास्तरांना कुणी विचारला नव्हता. बायकोनेही नाही.

"एक आहे," ते म्हणाले. "नर्सने बांधलेलं. मी कधी कुणाला सुचवलं नाही. कुणाच्या कामाचं वाटलं नाही. एक जहाज आहे, ताऱ्यांकडे निघालेलं. पोचायला दोनशे वर्षं. जे निघाले ते म्हातारे होऊन वारले. जे पोचतील ते अजून जन्मायचे आहेत. गाणं मधल्या माणसांचं आहे. त्यांनी निघताना पाहिलं नाही, पोचताना बघणार नाहीत. त्यांचा जन्म जहाजावर आणि मरणही जहाजावर. त्यांना काम काय, तर खिडक्या पुसायच्या. चाल अंगाईची आहे."

ताई पुढे झुकल्या. "खिडकीतून काय दिसायचं त्यांना?"

"तारे."

"रोज तेच?"

"रोज तेच."

"मग पुसायच्या कशाला?"

"गाण्यात सांगितलेलं नाही."

"तुम्ही सांगा."

मास्तरांनी विचार केला. "मी गाडीची काच रोज सकाळी पुसतो, ताई. रस्ता तोच असतो. पाण्याची टाकी, शाळा, चौक, पुन्हा टाकी. पण मळकट काचेतून बघवत नाही. एवढंच. याच्यापुढे काही कारण नाही माझ्याकडे."

ताईंनी मान हलवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि आत वळून बहिणीला सांगितलं, "अगं, चहा टाक. आणि या गाण्याला मार्कबिर्क देऊ नकोस."

बाई आतून म्हणाल्या, "दोनशे वर्षांत वेग किती लागेल तेवढंच काढत होते." पण मार्क दिले नाहीत.

त्यानंतर मास्तर दर रविवारी सकाळी उभ्या गाडीत बसून बोलू लागले. ताईंनी ते शेजारणीला ऐकवलं, शेजारणीने आपल्या भावाला, भावाने त्याच्या दुकानात. महिन्याभरात अनोळखी माणसं मास्तरांना फोन करू लागली. कुणाला आजारी आईसाठी हवं असायचं, कुणाला परीक्षेला बसलेल्या मुलीसाठी, एकाला तर कुत्र्यासाठी. मास्तर सगळ्यांना आधी एकच विचारायचे, "माणूस कसा बसतो, ते सांगा." कुत्र्याच्या बाबतीतही तेच विचारलं. फ्रेमवाल्यांनी दीपगृहाचं गाणं नव्या शब्दांनी पुन्हा टिपून घेतलं, या वेळी फोनच्या जवळ उभं राहून. नर्स मात्र नाकातच गात राहिली. ताईंना सांगा, ती म्हणाली, की ड्यूटी संपवून आल्यावर आवाज तिथूनच येतो.

शनिवारी कधी कधी बाई ताईंना गाडीतून मंडळात घेऊन येतात. ताईंना टेबलाच्या टोकाला, भुसा उडणार नाही अशा जागी बसवतात. बाई आणि फ्रेमवाले यांची भांडणं तर आता ठरलेलीच आहेत. परवा शनीच्या कड्यांवर घसरगुंडी खेळणाऱ्या पोरांवरून पाऊण तास चालली होती.

एका रविवारी मास्तरांचा घसा बसला. आवाज म्हणून निघेना. ताईंचा तर वार चुकवायचा नाही. तेव्हा बायकोने मशीनवरून उठून फोन हातात घेतला. "द्या इकडे. मला काही गाण्याबिण्यातलं कळत नाही, पण ती धूमकेतूची बाई काय करते ते मला माहीत आहे." आणि ती बोलली. धूमकेतूची वाट बघणारी बाई सत्तर वर्षांत किती पडदे बदलते, कुठल्या रंगाचे, कोणता पडदा तिने काढून ठेवलाय पण टाकला नाही, असं सगळं. मास्तर खाटेवर शाल गुंडाळून ऐकत होते. यातलं गाण्यात एक अक्षर नव्हतं.

दुपारीच ताईंचा फोन आला. बायकोने तो मुद्दाम मास्तरांच्या कानाशी धरला.

"मास्तर, तब्येतीला जपा," ताई म्हणाल्या. "घाई नको. तुमची मंडळी फार छान सांगते."

मास्तर दोन दिवस घुश्शात होते. काढा दिला तर घेतला, पण बोलले नाहीत. आवाजच नव्हता म्हणा. तिसऱ्या दिवशी घसा सुटला तशी त्यांनी बायकोला विचारलं, "तो टाकून न दिलेला पडदा, तो कुठल्या रंगाचा म्हणालीस?"

"निळा. कडेला जरा विटलेला."

"तो पुढच्या कडव्यात हवा," मास्तर म्हणाले. "नर्सला सांगतो."

आता त्यांचे रविवार वाटून घेतलेले आहेत. एक त्यांचा, एक तिचा. तिच्या रविवारी फोन जास्त येतात, पण हे त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही.